वादळ एका दुपारचे, खबर महिन्यांची

२९ एप्रिल १८९२ रोजी हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर चक्रीवादळ आले आणि दिवस मावळेपर्यंत ओसरलेही. तेवढ्या वेळात बाराशेच्या आसपास माणसे मेली, राजधानी पोर्ट लुईसचा जवळजवळ तिसरा हिस्सा जमीनदोस्त झाला आणि उभा ऊस मळ्यामळ्यांत आडवा झाला. बेटावरच्या लोकसंख्येत त्या वेळी दोन तृतीयांश लोक भारतीय वंशाचे होते. त्यांत मराठी बोलणाऱ्यांचा एक लहान गट होता. कोकणातून आणि घाटावरून ऊसमळ्यांच्या मजुरीसाठी गेलेल्या माणसांची ही वस्ती.

कॅरिबियन समुद्रात वादळ उठल्याची बातमी आली की तिकडे माणूस असलेल्या घरात आज जो जीव टांगणीला लागतो, तोच प्रसंग मराठी मुलखातल्या काही घरांवर १८९२मध्ये आला होता. मात्र तेव्हा त्या घरांना आपल्या माणसाची खुशाली विचारण्याची सरळ वाट नव्हती. वादळ झाल्याचे सरकारला कळले, व्यापाऱ्यांना कळले, वर्तमानपत्रांना कळले. मळ्यावरचा अमुक एक मजूर वाचला की गेला, हे त्याच्या गावी कळवण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती.

मुंबईहून पोर्ट लुईस

ब्रिटिशांनी १८१० मध्ये फ्रेंचांकडून हे बेट घेतले. उसाची लागवड आधीपासून होती आणि मळ्यांवर आफ्रिका व मादागास्करमधून आणलेले गुलाम राबत होते. १८३५ मध्ये बेटावर गुलामगिरी संपली; ती संपणार हे आधीच ठरले होते. मळेवाल्यांना नवे मजूर हवे होते आणि ते त्यांनी हिंदुस्थानातून आणले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईसला उतरले, तिथून कराराच्या मजुरीचा काळ मोजला जातो. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या घरात माणसे याच मार्गाने गेली. बहुतेक कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून आणि सर्वांत कमी मुंबईहून गेली.

मजुरांच्या हालांची ओरड झाल्यामुळे १८३९ मध्ये हे स्थलांतर थांबवण्यात आले. १८४२ च्या कायद्याने ते सरकारी देखरेखीखाली पुन्हा सुरू झाले. मुंबई बंदरातून चढणाऱ्यांत रत्नागिरी आणि सावंतवाडी भागांतली माणसे ठळक होती. खडकाळ, तुकड्यातुकड्यांची शेती, वर्षातले काही महिने मुंबईत कामाला जायची जुनी सवय आणि बंदरावर गाठणारा भरतीचा दलाल, एवढ्यावर निर्णय व्हायचा. पुरुषाला महिना ५ रुपये पगार आणि वर शिधा, असा करार असे. शिध्यात तांदूळ, डाळ, तेल आणि मीठ. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापण्याचीही पद्धत होती. परतीचे फुकट तिकीट सुरुवातीला करारात असे. १८५० च्या दशकात ते बंद झाले. ज्याच्या गाठीला भाड्याचे पैसे साठले नाहीत, तो तिकडेच राहिला.

मुंबईहून शिडाच्या जहाजाला पाच-सहा आठवडे लागत. पोर्ट लुईसच्या धक्क्यावर दगडी पायऱ्या चढून माणसे डेपोत जात, तिथे नोंद होई आणि मग मळ्याच्या गाडीत बसवले जाई. हाच धक्का आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखला जातो आणि २००६ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. मुंबईहून जाणारा ओघ १८६० च्या दशकानंतर जवळजवळ आटला. त्यामुळे १८९२ मध्ये बेटावर जे मराठी लोक होते, त्यांतले मूळ गेलेले बहुतेक पन्नाशी-साठीचे होते आणि बाकीचे तिथेच जन्मलेले. गावाकडे त्यांचे भाऊ, बहिणी, क्वचित मागे राहिलेली बायको होती. नात्याचा धागा अजून जिवंत होता, पण त्याला तीस-चाळीस वर्षे ताण बसलेला होता.

नोंदवहीतला माणूस

मजुराची जेवढी कागदावरची ओळख ठेवली गेली, तेवढी त्या काळात गावातल्या शेतकऱ्याचीही ठेवली जात नव्हती. नोंदवहीत प्रत्येकाला क्रमांक असे. जहाजाचे नाव, उतरल्याची तारीख, वय, बापाचे नाव, जात, उंची, अंगावरची खूण आणि मूळ गाव असे रकाने भरले जात. १८६७ च्या कायद्यानंतर जुन्या मजुरांना छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो हरवला किंवा तपासणीच्या वेळी खिशात नसला, तर दंड नाही तर कोठडी.

हा सगळा कागद मजूर पळून जाऊ नये म्हणून होता. त्याच्या घरच्यांना खबर द्यावी म्हणून नव्हता, आणि म्हणूनच संकटाच्या वेळी तो फारसा उपयोगी पडत नसे. मराठी नावे इंग्रजी किंवा फ्रेंच वळणाच्या कारकुनाने कानाला लागली तशी लिहिली. आडनाव विचारण्याची पद्धत नव्हती. बापाचे नाव हेच पुढे घराण्याचे नाव झाले. आज मॉरिशसमध्ये शेवटी ‘जी’ असलेली कितीतरी आडनावे दिसतात, ती अशी मूळ पुरुषाच्या पहिल्या नावावरून आलेली. गावाच्या नावाचे तर असे रूप होई की ते कोणत्या तालुक्यातले, हे पुढे कोणाला सांगता येऊ नये. गावाकडे माणूस घराण्याच्या नावाने ओळखला जाई, बेटावर क्रमांकाने. दोन्ही टोके जुळवायची तर मधे कोणी लिहिता-वाचता माणूस लागायचा.

तरीही चौकशा होत. हिंदुस्थानातून नातेवाइकांनी केलेले अर्ज आणि पाठवलेली पत्रे मॉरिशसच्या आप्रवासन खात्याच्या दप्तरात सापडतात. अर्ज गावातल्या लिहिणाऱ्याकडून लिहून घ्यायचा, तो सरकारी साहेबाकडे द्यायचा, तिथून तो मुंबईला, मग बेटावरच्या मजूर-संरक्षक अधिकाऱ्याकडे जायचा. उत्तर उलट्या क्रमाने यायचे. त्यापेक्षा भरवशाची वाट म्हणजे परत आलेला माणूस. बेटावरून कोणी गावाकडे आला की तो चार घरचे निरोप आणि थोडेफार पैसे घेऊन येई, आणि त्याच्या ओटीवर पंचक्रोशीतले लोक विचारपूस करायला जमत. १८९२ पर्यंत असे परतणारेही विरळ झाले होते.

२९ एप्रिल

मॉरिशसला चक्रीवादळे नवी नव्हती. किंबहुना वादळांचा शास्त्रीय अभ्यास जिथे लवकर रुजला, अशा ठिकाणांत हे बेट मोडते. १८५१ मध्ये तिथे हवामान अभ्यासकांची संस्था स्थापन झाली. चार्ल्स मेल्ड्रम हे तिचे प्रमुख कार्यकर्ते. बंदरात येणाऱ्या जहाजांच्या रोजनिशा तपासून ते हिंदी महासागरातल्या वादळांचे मार्ग आखत. १८७० मध्ये पांप्लमूस इथे रॉयल आल्फ्रेड वेधशाळेची पायाभरणी झाली आणि मेल्ड्रम तिचे संचालक झाले.

दक्षिण गोलार्धातल्या या भागात वादळांचा हंगाम डिसेंबरपासून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत मानला जाई. एप्रिलच्या अखेरीस मोठे वादळ येत नाही, असा पिढ्यांचा अनुभव होता. त्यामुळे सकाळी पाऊस आणि ईशान्येकडचा वारा वाढला तेव्हा कोणी फारसे घाबरले नाही. दुपारी वाऱ्याचा जोर इतका वाढला की छपरे उडू लागली आणि बेटावरच्या तारा तुटल्या. अडीचच्या सुमारास वेधशाळेतला वायुभारमापक २७.९६ इंचांपर्यंत उतरला. समुद्रसपाटीला नेहमी ३० इंचांच्या आसपास राहणारा पारा एवढा खाली येणे म्हणजे वादळाचे केंद्र अगदी डोक्यावर असणे.

केंद्र डोक्यावर आले की वारा पडतो. दक्षिण गोलार्धातल्या चक्रीवादळात वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. मधला डोळा मात्र शांत असतो. डोळा पुढे सरकला की उलट बाजूचा वारा येतो, आणि तो पहिल्याइतकाच किंवा त्याहून जोरदार असू शकतो. पोर्ट लुईसमध्ये नेमके हेच झाले. वारा थांबलेला पाहून लोक घराबाहेर आले, उडालेले पत्रे गोळा करू लागले, शेजारीपाजारी कोण कसे आहे ते पाहू लागले. तेवढ्यात पश्चिमेकडून झोत आला. पावणेचारच्या सुमारास वेधशाळेतल्या यंत्राने ताशी १२१ मैल, म्हणजे ताशी सुमारे १९५ किलोमीटर वेग नोंदवला. पहिल्या वाऱ्याने एका बाजूने खिळखिळ्या झालेल्या भिंती दुसऱ्या बाजूच्या माऱ्यात कोसळल्या. लाकडी घरे, दगडी गोदामे, चर्च, शाळा यांखाली माणसे गाडली गेली. बंदरातली जहाजे किनाऱ्यावर फेकली गेली.

मळ्यांवर मजुरांच्या झोपड्या गवताने किंवा उसाच्या पाचटाने शाकारलेल्या असत. अशी झोपडी उडून जाते, पण तिच्याखाली माणूस चिरडून मरण्याची शक्यता दगडी इमारतीपेक्षा कमी. तिथले संकट दुसऱ्या दिवशी सुरू झाले. निवारा गेला, साठवलेले धान्य भिजले, आणि ऊस झोपल्यामुळे त्या वर्षीच्या कामाचाच भरवसा उरला नाही. १८८० च्या दशकापासून मळेवाले कडेच्या जमिनींचे तुकडे पाडून विकू लागले होते आणि करार संपलेल्या भारतीयांनी ते विकत किंवा हप्त्याने घेतले होते. या नव्या लहान शेतकऱ्यांचेही पीक वाऱ्यावर गेले. बेटाच्या पुनर्बांधणीसाठी काढलेल्या कर्जाकरिता ब्रिटिश संसदेने त्याच वर्षी खास कायदा केला. त्यातला पैसा मुख्यतः मळेवाले आणि शहर यांच्या उभारणीसाठी होता.

तार नसलेले बेट

१८९२ मध्ये जगाचा बराच भाग तारेने जोडलेला होता. १८७० पासून मुंबई ते एडन आणि तिथून सुएझमार्गे लंडन अशी समुद्राखालची तार चालू होती. १८७९ मध्ये एडनहून झांझिबारमार्गे दक्षिण आफ्रिकेपर्यंत तार गेली. मॉरिशस या जाळ्याबाहेर राहिले होते. झांझिबार–सेशेल्स–मॉरिशस ही तार पडली ती १८९३ मध्ये, म्हणजे वादळानंतर वर्षभराने. वादळाच्या वेळी वाऱ्याचा वेग मोजणारे उत्तम यंत्र बेटावर होते, पण तो आकडा बाहेर कळवायचा तर जहाजाने शेकडो मैल जाऊन तारघर गाठावे लागे.

त्यामुळे बातमी दोन वेगांनी चालली. बेटापासून तारघरापर्यंत ती जहाजाच्या वेगाने आली आणि तिथून पुढे काही तासांत जगभर गेली. मुंबईहून महाराष्ट्राच्या आतल्या भागात पोचणे तर आणखी सोपे होते. लासलगावचे उदाहरण घेता येईल. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा नाशिकपासून चाळीसगावपर्यंतचा टप्पा १८६१ मध्ये सुरू झाला. निफाड तालुक्यातले हे बाजाराचे गाव त्यावरचे स्टेशन बनले. १८६५ मध्ये थळ घाटातली चढण पुरी झाली आणि मुंबईपर्यंत सलग गाडी धावू लागली. रुळांबरोबर तारही आली. मुंबईतल्या डाकेत पडलेले पत्र किंवा वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी लासलगावला मिळावे, इतकी ही वाट आखूड झाली होती. याउलट रत्नागिरीला रेल्वे नव्हती. तिथे पावसाळ्यात आगबोटीही बंद होत. वादळ एप्रिलअखेरचे, बातमी मेमध्ये आलेली आणि जूनपासून कोकणचा किनारा बंद. ज्या जिल्ह्यातली मराठी माणसे बेटावर सर्वाधिक होती, तोच जिल्हा पुढचे तीन-चार महिने बातमीपासून सर्वांत दूर होता.

आलेल्या बातमीत काय असे, हेही पाहण्यासारखे आहे. तारेचा आकार शब्दावर पडे आणि दर जबर असत. म्हणून व्यापारी पेढ्या सांकेतिक शब्दांची छापील पुस्तके वापरत. एका शब्दात अख्खे वाक्य बसवलेले असे. मालाची स्थिती, जहाजाचे नुकसान, भाव, विमा यांसाठी शब्द तयार होते. मुंबई आणि गुजरातच्या व्यापाऱ्यांची पोर्ट लुईसमध्ये तांदूळ आणि कापडाची दुकाने होती. त्यांच्या पेढीला आपला माणूस वाचला का, माल भिजला का, हे त्यांच्या आडत्याकडून कळे. मळेवाल्यांचे लंडनमध्ये दलाल होते. ऊसमळ्यावरच्या मराठी मजुराचा आडत्या कोणी नव्हता. त्याच्यासाठी बातमीत एकच आकडा होता, मृतांच्या एकूण संख्येचा. त्या बाराशेत आपला आहे का, हे त्या आकड्यावरून सांगता येत नव्हते.

खबर न आलेले घर

माणूस मेल्याची खबर आली तर सुतक पाळता येते, दिवस घालता येतात. खबरच आली नाही तर घर अडून बसते. परागंदा झालेल्या माणसासाठी रूढीने बारा वर्षांची मर्यादा घातली होती. बारा वर्षे काहीच कळले नाही तर पळसाच्या पानांची किंवा दर्भाची प्रतिमा करून तिचे दहन करायचे, मग उत्तरक्रिया करायची. यालाच पालाशविधी म्हणतात. इंग्रजी कायद्याने ही मुदत सात वर्षे केली. १८७२ च्या पुरावा कायद्यानुसार, ज्यांना खबर मिळणे स्वाभाविक होते अशांना सात वर्षे एखाद्याची काहीच खबर मिळाली नसेल, तर तो जिवंत आहे हे तसे म्हणणाऱ्याने सिद्ध करायचे.

या दोन मुदतींचा परिणाम रोजच्या व्यवहारात दिसे. मागे राहिलेल्या बायकोने कुंकू लावायचे की पुसायचे, हा पहिला प्रश्न. कुणबी आणि तत्सम जातींत पाटाची, म्हणजे बाईच्या दुसऱ्या लग्नाची, चाल होती. पण पहिला नवरा हयात असताना पाट लावला तर जातपंचायत आणि न्यायालय दोन्ही आडवे येत. दंडविधानात दुसऱ्या लग्नाच्या गुन्ह्याला एक अपवाद होता, तोही सात वर्षे बेपत्ता असलेल्या जोडीदाराचाच. दुसरा प्रश्न जमिनीचा. भावाभावांत वाटणी करायची तर परदेशी गेलेल्या भावाचा हिस्सा कोणाच्या नावे लावायचा? तो उद्या परत आला तर? बहुतेक घरांत हिस्सा एकत्रच ठेवला जाई आणि पुढच्या पिढीत तो विसरला जाई.

मॉरिशसच्या बाबतीत गुंता आणखी होता. खबर न येणे हा तिथे नेहमीचाच प्रकार होता. तीस वर्षांपूर्वी शेवटचा निरोप आलेला माणूस वादळात मेला, की १८६६ ते १८६८ च्या हिवतापाच्या साथीत आधीच गेला, की मजेत आहे आणि तिकडे दुसरा संसार थाटून बसला आहे, यातले काय खरे हे घराला ठरवता येत नसे. वादळाच्या बातमीने जुनीच शंका पुन्हा वर आली, एवढेच. त्यामुळे कोकणातल्या अनेक घराण्यांत ‘आमचा एक पूर्वज मिरच देशाला गेला’ यापलीकडे काही उरले नाही. मॉरिशसला त्या काळी मिरच किंवा मिरीच म्हणत.

तिकडची घडी आणि इकडची साथ

बेटावरच्या मराठी लोकांनी वादळानंतर घडी पुन्हा बसवली. ब्लॅक रिव्हर जिल्हा आणि वाक्वाच्या आसपासचा उंच भाग इथे त्यांच्या वस्त्या होत्या. १८९६ मध्ये हेन्रिएता गावात भिवाजी कुटुंबाने गणेशोत्सव केला, तो बेटावरचा पहिला मानतात. आज गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. लग्नातला गोंधळ टिकला. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते.

त्याच वर्षी काळजीची दिशा फिरली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत तो पुणे, नाशिक, कोकण असा पसरला. आता बेटावरच्या लोकांना गावाची चिंता होती. एव्हाना मॉरिशसला तार होती. प्लेगचे आकडे पोर्ट लुईसला कळत होते, पण गावातले कोण गेले आणि कोण उरले, हे कळायला पत्र लागत होते, आणि पत्र लिहिणारा घरात असावा लागत होता. १८९९ मध्ये प्लेग मॉरिशसलाही पोचला. १९१० मध्ये बेटावर मजूर नेणे थांबले आणि १९१७ मध्ये कराराच्या मजुरीसाठी हिंदुस्थानातून माणसे पाठवणे बंद झाले. नवी माणसे जाईनात, जुनी परतेनात. निरोपांची ने-आण करणारी साखळीच तुटली.

कॅरल, १९६०

१८९२ शी तुलना होईल असे पुढचे वादळ १९६० चे. जानेवारीत ‘अॅलिक्स’ येऊन गेले आणि फेब्रुवारीच्या अखेरीस ‘कॅरल’ आले. कॅरलच्या झोतांचा वेग ताशी २५६ किलोमीटरपर्यंत गेला. मृत ४२. वारा १८९२ पेक्षा जोरदार आणि लोकसंख्याही वाढलेली असताना मृतांची संख्या इतकी कमी राहिली, याचे मोठे कारण आगाऊ सूचना. हवामान खात्याला वादळाचा मार्ग कळत होता आणि रेडिओवरून तो लोकांना कळत होता. घरे मात्र हजारोंनी पडली. त्यानंतर सरकारने गृहनिर्माण प्राधिकरण स्थापून वसाहती बांधल्या आणि लोकांनीही लाकूड-पत्रा सोडून काँक्रीटचे सपाट छत पत्करले. आज मॉरिशसच्या गावांत दिसणारी चौकोनी घरे ही कॅरलची आठवण आहे. सूचनेच्या चार पायऱ्या ठरल्या. ताशी १२० किलोमीटरचे झोत सुरू झाले की चौथी पायरी लागते आणि घराबाहेर पडायचे नाही असा नियम आहे.

१९६० पर्यंत गावाकडचे भाऊ आणि बेटावरचे भाऊ यांची तिसरी-चौथी पिढी आली होती आणि बहुतेकांना एकमेकांची नावे ठाऊक नव्हती. कॅरलची बातमी महाराष्ट्रात दुसऱ्या दिवशी छापून येऊ शकत होती, पण ती वाचून कोणाच्या नावाने तार करावी, असा माणूस फार थोड्या घरांत उरला होता. बातमीची वाट सुधारली तोवर ओळखीची वाट बुजली होती. पुढे ती दुसऱ्या अंगाने उघडली. १९९१ मध्ये मॉरिशसमध्ये जागतिक मराठी परिषद भरली. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या आणि छायाचित्रे जतन केली आहेत. पळून जाऊ नये म्हणून भरलेले तेच रकाने वाचून आज तिथले पणतू-खापरपणतू कोकणातले मूळ गाव शोधत येतात.

कांद्याची पेटी आणि हवामानाचा नकाशा

लासलगावचा समुद्रापलीकडच्या जगाशी संबंध माणसांपेक्षा मालाने जोडला गेला. १९४७ मध्ये इथे कृषी उत्पन्न बाजार समिती स्थापन झाली आणि कांद्याची देशातली अग्रगण्य बाजारपेठ म्हणून गावाचे नाव झाले. मॉरिशस हे भारतीय कांद्याचे नेहमीचे गिऱ्हाईक. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये चार देशांसाठी ५४,७६० टनांची मुभा दिली, त्यात मॉरिशसच्या वाट्याला १,२०० टन आले. त्याआधी जेमतेम महिनाभर, १५ जानेवारीला, ‘बेलाल’ वादळाच्या पावसाने पोर्ट लुईसच्या रस्त्यांवर मोटारी वाहून गेल्या होत्या. ती दृश्ये भारतात फोनवर त्याच दिवशी दिसली.

कॅरिबियन बेटांबाबतही तेच झाले आहे. ६ सप्टेंबर २०१७ रोजी ‘अर्मा’ वादळ सिंट मार्टिन बेटावर आदळले. तिथे भारतीय दुकानदारांची जुनी वस्ती आहे. भारतातल्या नातेवाइकांनी समाजमाध्यमांवरून थेट परराष्ट्र मंत्र्यांना हाक घातली आणि सरकारने विमान ठरवून तिथल्या भारतीयांना क्युरासाओला हलवले. बाराच दिवसांनी ‘मारिया’ने डॉमिनिका झोडपली. तिथल्या पंतप्रधानांनी स्वतःच्या घराचे छप्पर उडाल्याचे फेसबुकवर लिहिले आणि मग बेट गप्प झाले. मनोरे पडले, वीज गेली, फोन बंद. हौशी रेडिओचालकांनी आपल्या यंत्रांवरून निरोप बाहेर पोचवले, तेव्हा कुठे परदेशातल्या नातेवाइकांना काही कळू लागले. १८९२ ची दशा काही दिवसांपुरती परत आली होती.

मराठी घरांच्या सर्वांत जवळचा कॅरिबियन प्रसंग २०२४ चा. २९ जून रोजी बार्बाडोसमधल्या ब्रिजटाउनला भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि लगेच ‘बेरिल’ वादळामुळे विमानतळ बंद झाला. रोहित शर्मा, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे आणि यशस्वी जयस्वाल हे मुंबईचे चार खेळाडू संघाबरोबर हॉटेलात अडकले. वादळ १ जुलैला बार्बाडोसच्या दक्षिणेकडून गेले. २ जुलैला ते पाचव्या श्रेणीत पोचले. अटलांटिकमध्ये वर्षात इतक्या लवकर या श्रेणीचे वादळ त्याआधी नोंदले गेले नव्हते. या काळात खेळाडू कुठे आहेत, विमान कधी निघणार, हे देशभर तासातासाला कळत होते. खास विमानाने संघ ४ जुलैच्या सकाळी दिल्लीत उतरला आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर त्याची मिरवणूक निघाली.

त्याच १ जुलैला बेरिल ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर थेट आदळले. अर्ध्या तासात बेट सपाट झाले, असे ग्रेनाडाच्या पंतप्रधानांनी सांगितले. वीज आणि फोन दोन्ही गेले. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या कॅरियाकूच्या लोकांना आपल्या घरची खबर मिळायला दिवस लागले. बार्बाडोसच्या हॉटेलातला खेळाडू आणि कॅरियाकूच्या किनाऱ्यावरचा कोळी यांच्यात समुद्राचे अंतर थोडे होते. खेळाडूच्या मागे संघटना, सरकार आणि वाहिन्या उभ्या होत्या. कोळ्यामागे होता तो एक फोनचा मनोरा, आणि तो पडला होता. १८९२ मध्ये पेढीचा आडत्या आणि मळ्यावरचा मजूर यांच्यात जो फरक होता, तो अशा ठिकाणी अजून आहे. वादळानंतर नावानिशी चौकशी करणारी आणि उत्तर देणारी व्यवस्था जिथे आहे, तिथल्या घरांची घालमेल तासांवर आली आहे. जिथे नाही, तिथे ती अजून दिवसांत मोजली जाते.